भोसले घराण्याचे मूळ

भोसले (भोंसले, भोसला अशीही रूपे आढळतात) हे महाराष्ट्रातील एक मराठा आडनाव असून छत्रपती शिवाजी महाराज याच घराण्यात जन्मले. सातारा, कोल्हापूर, तंजावर, नागपूर, अक्कलकोट आणि सावंतवाडी येथील राजघराणी हे आडनाव लावत किंवा लावतात. घराण्याचा कागदोपत्री इतिहास सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. त्या वेळी बाबाजी भोसले यांच्याकडे भीमेच्या खोऱ्यातील काही गावांची, तसेच आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळची पाटीलकी होती. त्यापूर्वीच्या काळाविषयी दोन मते प्रमुख आहेत. एक मत घराण्याचा संबंध मेवाडच्या सिसोदिया राजवंशाशी जोडते, तर दुसरे कर्नाटकातील होयसळांशी. ही चर्चा कुळाच्या अभिमानापुरती कधीच नव्हती. १६७४ साली रायगडावर वेदोक्त राज्याभिषेक करता येईल की नाही, हा प्रश्न तिच्यावरच अवलंबून होता.

नाव आणि त्याची रूपे

मोडी कागदपत्रांत हे नाव बहुधा ‘भोसले’ असे येते. त्यात कधी अनुस्वार असतो, कधी नसतो. उत्तर हिंदुस्थानातील लेखक व कवी ‘भौंसिला’, ‘भोंसला’ अशी रूपे वापरतात. संस्कृत ग्रंथकारांनी या नावाचे ‘भृशबल’ असे रूप घडविले. त्याचा शब्दशः अर्थ ‘अतिशय बलवान’ असा होतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या ‘बुधभूषण’ या ग्रंथात शहाजी राजांचे वर्णन करताना वंशाचे नाव याच रूपात आले आहे. ‘भृशबल’ हे मूळ नाव आणि ‘भोसले’ हा त्याचा अपभ्रंश, असे काही जुन्या लेखकांनी मानले. ते स्वीकारणे कठीण आहे. देशी नाव आधी असते आणि दरबारी पंडित त्याला शोभेसा संस्कृत पोशाख चढवितात, हा त्या काळचा सर्वत्र आढळणारा रिवाज होता. ‘मालोजी’चे ‘मालवर्मा’ याच रिवाजाने झाले.

व्युत्पत्तीविषयी आणखी तीन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार भोसाजी किंवा भैरवजी नावाच्या पूर्वजावरून हे आडनाव पडले. मेवाडशी संबंध सांगणाऱ्या वंशावळींचा आधार या मताला आहे. दुसरे मत आडनाव ग्रामनामातून आल्याचे मानते. महाराष्ट्रात भोसे, भोसी अशी गावे आहेत आणि गावावरून कुळाला नाव मिळणे येथे नवे नाही. तिसऱ्या मतानुसार ‘होयसळ’ या राजवंशनामाचे देशी रूप म्हणजे ‘भोसल’ होय. या मताचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

आडनाव नित्य लिहिण्याची सवय महाराष्ट्रात मुख्यतः वतनामुळे रुजली. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत. त्यांवरून वाद झाला की गोतसभा भरे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. कोणाचा आजा कोण, थोरली पाती कोणती, धाकटी कोणती, हे तेथे सिद्ध करावे लागे. बहमनी राज्यातील आणि त्यानंतरच्या सल्तनतींतील बहुतेक मराठा कुळांचा इतिहास अशाच कागदांतून हाती येतो. त्यामुळे वतन मिळण्यापूर्वीच्या पिढ्यांबाबत बहुधा परंपरेवरच विसंबावे लागते. भोसल्यांचीही स्थिती याहून निराळी नाही.

वेरूळ आणि बाबाजी भोसले

वेरूळ हे गाव छत्रपती संभाजीनगर शहराच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर आहे. कोरीव लेण्यांमुळे आणि घृष्णेश्वराच्या ज्योतिर्लिंगामुळे ते प्रसिद्ध आहे. याच टापूत यादवांची राजधानी देवगिरी होती. मुहम्मद तुघलकाने तिचे नाव दौलताबाद केले आणि १३४७ साली अलाउद्दीन हसन बहमन शाह याने तेथेच बहमनी राज्याची स्थापना केली. १४९० नंतर निजामशाही उदयास आली आणि थोड्याच काळात दौलताबाद तिच्या ताब्यात गेले. दौलताबाद, खुलदाबाद आणि वेरूळ ही ठिकाणे एकाच रस्त्यावर एकमेकांपासून काही कोसांच्या अंतरात आहेत. मलिक अंबरची कबर खुलदाबादेस आहे. त्याने १६१० साली वसविलेले खडकी हे गाव पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. एका भोसले राजाचे नाव धारण करणारे शहर भोसल्यांच्या जुन्या पाटीलकीच्या गावापासून इतके जवळ असावे, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

परंपरेनुसार बाबाजी भोसले यांच्याकडे हिंगणी, बेरडी, देऊळगाव इत्यादी गावांची पाटीलकी होती. ही गावे भीमेच्या खोऱ्यात, पुणे व अहमदनगर या प्रांतांच्या सीमेवर आहेत. वेरूळची पाटीलकीही त्यांच्याकडे होती. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात घराण्याची सुरुवात याच गावांपासून केली आहे. बाबाजींना मालोजी आणि विठोजी असे दोन पुत्र होते. वेरूळ येथे मालोजी राजांची म्हणून दाखविली जाणारी गढी आहे. गावात शहाजी राजांचे स्मारकही उभारण्यात आले आहे.

पाटील हा गावचा मुकादम असे. गावच्या सरकारी साऱ्याची जबाबदारी त्याच्यावर असे आणि प्रसंगी तो हत्यारबंद माणसेही बाळगी. निजामशाहीला घोडदळाची सतत गरज भासत असे. अशा पाटलाने घोडी जमविली, भाऊबंद आणि बारगीर गोळा केले, की त्याला सरदारी मिळविण्याचा मार्ग खुला होई. सिंदखेडचे जाधव, फलटणचे नाईक निंबाळकर, मुधोळचे घोरपडे, जावळीचे मोरे ही घराणी थोड्याफार फरकाने अशाच मार्गांनी पुढे आली. भोसले या मंडळींत उशिरा सामील झाले.

मालोजी, विठोजी आणि शहाजी

मालोजींच्या उत्कर्षाची बखरींतील कथा सर्वपरिचित आहे. सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या वाड्यात रंगाच्या दिवशी लहान शहाजी आणि जिजाऊ एकत्र खेळत होती. ते पाहून लखुजींनी थट्टेने सोयरिकीचे उद्गार काढले आणि मालोजींनी ते शब्द पक्के धरले. जाधवांनी नकार दिल्यावर मालोजी वेरुळास परतले. तेथे भवानीच्या कृपेने त्यांना भूमिगत धन सापडले. श्रीगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराच्या साहाय्याने त्यांनी घोडी खरेदी केली, निजामशाहाकडून सरदारी मिळविली आणि अखेरीस तीच सोयरीक घडून आली.

कथेतील सावकार, घोडी आणि सरदारी हा क्रम त्या काळच्या व्यवहाराशी जुळतो. भोसले मात्र तिच्यात दाखविले आहेत इतके निर्धन नव्हते. मालोजींचा विवाह फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील उमाबाईंशी झाला होता. फलटणकर हे जुने देशमुख घराणे होते आणि अशा घरची मुलगी साध्या बारगिराला दिली जात नसे. शेजारच्या गावांची पाटीलकी, नामांकित कुळाशी सोयरीक आणि शिंगणापुरासारख्या क्षेत्री तळे बांधण्याइतकी ऐपत, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तर मध्यम प्रतीच्या, वर चढू पाहणाऱ्या वतनदार घराण्याचे चित्र समोर येते. भूमिगत धनाची कथा त्या चढणीला दैवी अधिष्ठान देण्यासाठी रचली गेली असावी.

मालोजींनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा आहे. मंदिराचे आजचे रूप मात्र अठराव्या शतकात होळकरांनी केलेल्या बांधकामाचे आहे. शिखर शिंगणापूर येथे यात्रेकरूंना पाण्याचे दुर्भिक्ष होते, म्हणून मालोजींनी तेथे तळे बांधले. याचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्यात आहे. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरास नवस केल्यावर पुत्रप्राप्ती झाली, म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे सांगितले जाते. या घराण्याचे वंशकथन वाचताना या दोन नावांचा विसर पडू नये. सूर्यवंशाचा दावा करणारे कुळ पिराच्या नावाने मुलांची नावे ठेवत होते आणि तत्कालीन दख्खनमध्ये त्यात कोणालाही विसंगती वाटत नव्हती.

मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांच्याकडील पुणे व सुपे या परगण्यांची जहागीर शहाजींकडे चालू राहिली. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत मारले गेले. विठोजींच्या आठ पुत्रांपैकी संभाजी हे खंडागळे यांच्या हत्तीवरून उसळलेल्या दंगलीत ठार झाले. त्याच दंगलीत त्यांच्या हातून लखुजींचे पुत्र दत्ताजी मारले गेले होते. जाधव आणि भोसले या सोयऱ्यांमध्ये त्यामुळे रक्ताचे वैर आले. पुढे १६२९ साली निजामशाहाने खुद्द लखुजींचीच दौलताबाद येथे दरबारात हत्या करविली.

सतराव्या शतकातील वंशकथन

भोसले स्वतःविषयी काय सांगत होते, हे पाहण्यासाठी राज्याभिषेकापूर्वीची साधने महत्त्वाची ठरतात. सिसोदिया वंशाचा दावा १६७४ साली नव्याने रचला गेला की तो आधीपासून प्रचलित होता, या वादाचा निर्णय त्यांवरूनच करावा लागतो.

यांतील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे शहाजी राजांच्या बंगळूर येथील दरबारातील कवी जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’. हे काव्य १६५०च्या दशकातील असून वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली ते विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. त्यात दलिप नावाच्या राण्याचा उल्लेख आहे आणि त्याच्याच कुळात मालोजी झाल्याचे म्हटले आहे. ‘राणा’ ही पदवी मेवाडच्या राजघराण्याकडे बोट दाखविते. शहाजींनी स्वतः आदिलशहाला लिहिलेल्या एका पत्रात आपण रजपूत असल्याचे सांगितले आहे. यावरून शहाजींच्या हयातीतच घराण्यात राजपूत उगमाची भावना होती, हे स्पष्ट होते.

कवी भूषण याचा ‘शिवराजभूषण’ हा ग्रंथ १६७३ सालचा, म्हणजे राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीचा मानला जातो. त्यात शिवाजी महाराजांच्या कुळाला उघडपणे सिसोदिया म्हटले आहे. ईश्वराला शीस अर्पण केले म्हणून ‘सिसोदिया’ नाव पडले, अशी व्युत्पत्तीही तेथे दिली आहे. प्रत्यक्षात ते नाव मेवाडमधील सिसोदा या गावावरून पडले आहे.

‘शिवभारता’ची भूमिका निराळी आहे. परमानंद मालोजींना दक्षिणेतील सूर्यवंशी राजा म्हणतो आणि कथेला तेथूनच आरंभ करतो. चितोड, उदयपूर अथवा सिसोदिया यांचा उल्लेख तो करीत नाही. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने चरित्र लिहिणाऱ्या कवीने ही संधी सोडावी, याचे आश्चर्य वाटते. दावा घराण्यात होता, पण त्याचा एकच एक ठराविक पाठ अद्याप तयार झालेला नव्हता, असे यावरून अनुमान करता येते.

राज्याभिषेक आणि क्षत्रियत्वाचा प्रश्न

शिवाजी महाराजांनी किल्ले, मुलूख, आरमार आणि खजिना उभा केला होता. तरीही आदिलशाही आणि मुघल यांच्या लेखी ते जहागीरदाराचे बंडखोर पुत्र होते, तर अनेक जुनी मराठा घराणी त्यांना आपल्या बरोबरीचे वतनदार समजत. छत्रधारी राजा झाल्यास दाने, सनदा, न्याय आणि तह यांना स्वतंत्र अधिष्ठान मिळणार होते. मात्र धर्मशास्त्राच्या प्रचलित अर्थानुसार वैदिक राज्याभिषेक क्षत्रियाचाच होऊ शकत होता. शिवाय कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, असे मानणारा एक प्रबळ पंथ ब्राह्मणवर्गात होता.

काशीचे पंडित विश्वेश्वर उर्फ गागाभट्ट यांनी हा पेच सोडविला. त्यांचे मूळ घराणे पैठणचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातीलच होते. सभासदाच्या बखरीनुसार राजांच्या वंशाचा शोध घेतला असता ते उत्तरेतून दक्षिणेत आलेल्या शुद्ध क्षत्रिय सिसोदे कुळातील असल्याचे आढळले. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजी महाराजांच्या पदरचा असून त्याने ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांसाठी लिहिली. या शोधासाठी बाळाजी आवजी चिटणीस यांनी खटपट केली आणि उदयपुराहून वंशावळ आणविली, असे पुढील परंपरा सांगते. संस्कार लोपले होते म्हणून प्रायश्चित्त घेऊन २९ मे १६७४ रोजी महाराजांची मुंज करण्यात आली. राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह झाले आणि ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक पार पडला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी निश्चलपुरी गोसावी यांच्या हस्ते तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेकही झाला.

जदुनाथ सरकार यांनी ही वंशावळ प्रयोजनापुरती तयार केलेली मानली. चिं. वि. वैद्य आणि गौरीशंकर ओझा यांनी मात्र सिसोदिया संबंध ग्राह्य धरला. जयरामाचे चंपू उजेडात आल्यानंतर दावा १६७४ सालीच शून्यातून निर्माण केला गेला, हे म्हणणे टिकत नाही. तथापि, दावा जुना असणे आणि तो खरा असणे या भिन्न गोष्टी आहेत. वादाच्या भरात दोन्ही पक्षांकडून त्यांची गल्लत झाली आहे.

मेवाडची कथा आणि मुधोळची फर्माने

मेवाडच्या परंपरेनुसार अलाउद्दीन खलजीने १३०३ साली चितोड घेतले, तेव्हा सिसोदा शाखेचा लक्ष्मणसिंह आपल्या पुत्रांसह धारातीर्थी पडला. अजयसिंह हा पुत्र बचावला. त्याच्यानंतर गादी त्याच्या पुत्रांना न मिळता थोरल्या भावाचा पुत्र हमीर याच्याकडे गेली. निराश झालेला अजयसिंहाचा पुत्र सज्जनसिंह दक्षिणेत उतरला आणि त्याच्यापासून भोसल्यांचा वंश चालला. कर्नल टॉडने राजस्थानच्या इतिहासात ही कथा नोंदविली आणि एकोणिसाव्या शतकात तिला मोठा प्रसार मिळाला. टॉडच्या लेखनाला चारणांच्या कवनांचा आणि घराण्यांच्या बहींचा आधार होता. अशा साधनांत पाचशे वर्षांपूर्वीच्या घटना जशाच्या तशा उतरतात, असे मानता येत नाही.

कथेचा दक्षिणेकडील भाग मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या संग्रहातील फारसी फर्मानांत सापडतो. ती द. वि. आपटे यांनी १९३४ साली मुधोळ संस्थानाच्या इतिहासात प्रसिद्ध केली. पहिल्या फर्मानानुसार सज्जनसिंहाचा पुत्र दिलीपसिंह याला बहमनी राज्याच्या संस्थापकाने १३५२ साली देवगिरी प्रांतातील मिरत येथे गावे इनाम दिली. त्याचा वंशज भैरवसिंह उर्फ भोसाजी याला मुधोळ व आसपासची चौऱ्यांशी गावे मिळाली. उग्रसेनाचे पुत्र कर्णसिंह आणि शुभकृष्ण यांच्यापासून दोन शाखा झाल्या. १४७० च्या सुमारास महमूद गावानच्या कोकण मोहिमेत कर्णसिंह आणि त्याचा पुत्र भीमसिंह यांनी घोरपडीच्या साह्याने खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, सर केला. त्यामुळे भीमसिंहाला ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब मिळाला. शुभकृष्णाची शाखा मात्र भोसले हेच नाव लावीत राहिली. ‘दिलीप’ हे नाव जयरामाच्या ‘दलिपा’शी जुळते, ही या फर्मानांची सर्वांत मोठी जमेची बाजू होय.

आक्षेपही थोडे नाहीत. ही फर्माने राजघराण्याच्या संग्रहातून विसाव्या शतकात प्रकाशात आली. त्यांची भाषा, तारखा आणि वंशक्रम यांविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. नावांचा प्रश्न तर सहज नजरेत भरतो. फर्मानांतील पूर्वज सज्जनसिंह, दिलीपसिंह, कर्णसिंह, भीमसिंह असे आहेत. समकालीन कागदांतून ज्यांची ओळख होते ते भोसले मात्र बाबाजी, मालोजी, विठोजी, खेळोजी, परसोजी आहेत. दीड-दोन शतकांत नावे बदलू शकतात, पण घराण्याला राजपूतपणाचे भान अखंड राहिले असते तर एखाद्या पिढीत तरी ‘सिंह’ उरला असता. घोरपडे आणि भोसले यांच्यात भाऊबंदकी होती, ही समजूत मात्र जुनी आहे. मुधोळच्या बाजी घोरपड्यांनी १६४८ साली शहाजींना कैद करण्यात पुढाकार घेतला आणि १६६४ साली शिवाजी महाराजांनी मुधोळवर स्वारी केली, तेव्हा त्या वैराला भाऊबंदकीची धार होती.

गोत्र आणि कुलदैवत

सिसोदियांचे गोत्र बैजवाप, तर भोसल्यांचे कौशिक आहे. एकाच पुरुषापासून निघालेल्या दोन शाखांची गोत्रे वेगळी कशी, असा आक्षेप घेतला जातो. त्याला शास्त्राधार देऊन उत्तर देता येते. क्षत्रियांना स्वतःचे गोत्र नसून ते पुरोहिताचे गोत्र लावतात, असे विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त म्हटले आहे. कूळ दुसऱ्या प्रांतात गेले आणि पुरोहित बदलला की गोत्रही बदलू शकते. त्यामुळे गोत्रभेदाने वंशैक्य खोडता येत नाही. अर्थात, या उत्तरानंतर गोत्रसाम्य हे वंशैक्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी राहत नाही.

कुलदैवताचा मुद्दा अधिक वजनदार आहे. मेवाडच्या राण्यांचे आराध्यदैवत एकलिंगजी, तर कुलदेवी बाणमाता. भोसल्यांची कुलदेवी तुळजापूरची भवानी असून कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव आहे. महाराष्ट्रात कूळ कोठेही गेले तरी कुलदैवताची वारी सहसा सोडत नाही. देवक, कुलदैवत आणि कुळधर्म यांवरून कुळाची जुनी वस्ती शोधण्याची पद्धत येथील अभ्यासकांनी म्हणूनच अंगीकारली आहे.

होयसळ मत

डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात कुलदैवताचा हाच धागा पकडून भोसल्यांच्या मुळाचा निराळा शोध घेतला. त्यांच्या मते गदगजवळील सोरटूर येथील बळीप (बळिअप्पा) हा पुरुष यादवराजा सिंघण याच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आपल्या समूहासह सातारा परिसरात आला. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाची उपासनाही त्याच्यासोबत आली. तिच्यातून शिंगणापूरचे क्षेत्र उदयास आले आणि गावाचे नाव सिंघणावरून पडले. हा बळीप होयसळ कुळाशी संबंधित होता आणि ‘होयसळ’चेच ‘भोसल’ झाले, असे ढेरे यांनी प्रतिपादिले. जयरामाच्या काव्यातील ‘दलिप’ ही या बळीपाचीच बदललेली आठवण असावी, असा त्यांचा तर्क आहे.

देवाच्या स्थलांतरावरून माणसांच्या स्थलांतराचा माग काढणे ही या मांडणीची खरी ताकद आहे. चैत्रातील शिंगणापूरची यात्रा, कावडी आणि शिव-पार्वतीचा विवाहसोहळा यांच्या अभ्यासातून ढेरे यांनी दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक यांचे एक सलग सांस्कृतिक क्षेत्र उभे केले. भाषिक बाजू त्या मानाने दुबळी वाटते. होयसळांचे नाव कानडी शिलालेखांत ‘पोय्सळ’ असेही येते. त्यामुळे आरंभीच्या ओष्ठ्य वर्णाचा खुलासा होतो, पण ‘प’चा ‘भ’ होण्याची मराठीतील उदाहरणे विरळ आहेत. शिवाय बळीपापासून बाबाजींपर्यंतच्या सुमारे साडेतीनशे वर्षांतील पिढ्या सलग जोडता येत नाहीत. मेवाडच्या मताला जो दोष लावला जातो, तो या मतालाही चुकत नाही.

दोन्ही मतांत एक साम्य आहे. दोन्ही भोसल्यांना कोणत्या ना कोणत्या राजवंशाशी जोडतात. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील कुणबी-मराठा समाजातून हे कूळ वतन, शिलेदारी आणि सोयरिकी यांच्या बळावर वर आले, असे मानणारे अभ्यासकही आहेत. त्यांच्या मते ‘मराठा’ सरदारवर्ग ही बहमनी व निजामशाही चाकरीतून घडत गेलेली श्रेणी होती आणि वंशावळी ही घडण पूर्ण झाल्यानंतरची लेणी होती.

अन्य देशांतील अशी उदाहरणे

राजपदाच्या जवळ पोहोचलेल्या घराण्याने दूरचे आणि उंच मूळ शोधणे, हा प्रकार एकट्या दख्खनचा नाही. स्कॉटलंडमध्ये ब्रूस घराण्याचे नाव नॉर्मंडीतील ब्री या गावावरून आले. बाराव्या शतकात ते जमीनदार म्हणून स्कॉटलंडात स्थिरावले आणि १३०६ साली त्यांच्यातील रॉबर्ट राजा झाला. स्टुअर्ट हे आडनाव तर राजवाड्याच्या कारभाऱ्याच्या वंशपरंपरागत हुद्द्यावरून पडले. आपल्याकडे देशमुख, पाटील, चिटणीस ही आडनावे बनली, त्याच रीतीचे हे उदाहरण होय. कॅम्पबेल घराण्याच्या वंशावळी आर्थर राजापर्यंत नेऊन भिडविलेल्या आढळतात. तेथील अभ्यासक दानपत्रांवरील साक्षीदारांच्या नावांवरून असे दावे पारखतात. महाराष्ट्रात तेच काम महजर, निवाडपत्रे आणि इनामपत्रे करतात.

क्षत्रियत्वाच्या वादाचे पुढील पडसाद

रायगडावर मिटलेला वाद पुन्हा उद्भवला. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्या कारकिर्दीत १८३० च्या सुमारास मराठ्यांच्या वेदाधिकारावर मोठा शास्त्रार्थ झाला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना १८९९ नंतरच्या वेदोक्त प्रकरणात त्याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले. प्रत्यक्ष छत्रपतींच्या गादीवरील पुरुषाला पुराणोक्त मंत्रांचाच अधिकार आहे, असे पुरोहितवर्ग म्हणू शकला, यावरून १६७४ च्या निर्णयाची सामाजिक पकड किती मर्यादित होती हे कळते. शाहू महाराजांनी पुढे वंशावळींच्या युक्तिवादात फार न गुंतता ब्राह्मणेतर चळवळीचा मार्ग धरला.

शाखा

छत्रपती घराण्याच्या सातारा व कोल्हापूर या दोन गाद्या अठराव्या शतकाच्या आरंभी वेगळ्या झाल्या. सातारचे राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केले. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत नावापुरते का होईना टिकले. तंजावरच्या सरफोजी राजे दुसरे यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. एवढा विस्तृत वंशलेख दुसऱ्या कोणत्याही मराठा घराण्याने दगडावर उतरविलेला नाही. त्यात पुराणकाळापासून वंश दिलेला असल्याने जुन्या पिढ्यांसाठी तो प्रमाण मानता येत नाही. शहाजींनंतरच्या तंजावर शाखेसाठी मात्र तो उपयुक्त आहे.

नागपूरचे भोसले ‘हिंगणीकर’ म्हणवत. सेनासाहेबसुभा रघुजी यांनी वऱ्हाडापासून ओरिसापर्यंत सत्ता पसरविली. सातारकरांशी त्यांचे नेमके नाते काय, याविषयी एकमत नाही. बाबाजींच्या वतनाच्या गावांत हिंगणीचे नाव येते, हा या नात्याचा प्रमुख आधार आहे. सावंतवाडीचे सावंत-भोसले हे दक्षिण कोकणातील स्वतंत्र देसाई घराणे होते.

अक्कलकोटची शाखा रक्ताची नाही. मुघलांच्या कैदेतून सुटून परतताना शाहू महाराजांची मराठवाड्यातील पारद गावाशी चकमक झाली आणि तेथील पाटील लोखंडे मारले गेले. पाटलाच्या पत्नीने आपले मूल शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी त्या राणोजी लोखंडे यांना पुत्रवत वाढविले, फत्तेसिंह हे नाव आणि भोसले हे आडनाव दिले आणि पुढे अक्कलकोट तोडून दिले. या शाखेच्या बाबतीत भोसले नावाचा उगम कोणत्या गावी व कोणत्या प्रसंगी झाला, हे निश्चित सांगता येते.